नांदगावचं वळण

अमरावतीहून मुंबईला जाणारं सकाळचं विमान सुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात वारा फिरला. आता पश्चिमेऐवजी पूर्वेकडे तोंड करून उड्डाण करा, असं टॉवरमधून कंट्रोलर धम्मदीपनं सांगितलं. त्यात नवीन काही नव्हतं. दिवाळीच्या आसपास वऱ्हाडातला वारा असाच चळतो. को-पायलट चारुता पांढरीपांडेनं त्याला होकार दिला, आणि तिच्या डाव्या हाताला बसलेल्या कॅप्टन देवीदास गावंडेंनी मधल्या कॉम्प्युटरवर नवा मार्ग निवडायला घेतला.

हल्ली विमानानं जमीन सोडली की थोड्याच वेळात पुढचं काम कॉम्प्युटरकडे जातं. कुठे वळायचं, कुठून जायचं, हे त्याच्यात आधीच भरलेलं असतं. माणसानं फक्त नेमका मार्ग निवडून द्यायचा. पूर्वेकडे उडालं की मार्ग दोन. एक उजवीकडे वळून नांदगाव खंडेश्वरवरून मुंबईकडे जाणारा, दुसरा डावीकडे, उत्तरेला. दोन्हींची नावं जवळजवळ सारखी, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. म्हणून एकानं निवडायचं आणि दुसऱ्यानं पडद्यावर बघून ताडायचं, असा नियम.

चारुता तेव्हा धम्मदीपशी बोलत होती. उत्तरेला, बडनेऱ्याच्या रेल्वेलाइनपलीकडे, वैमानिक घडवणाऱ्या शाळेचं एक छोटं विमान घिरट्या घालतंय, शिकाऊ मुलगी एकटीच आहे, तेव्हा तुम्ही उजवीकडूनच जा, असं तो बजावत होता. ती ते परत म्हणून दाखवत होती.

"उजवं वळण, नांदगाववरून," कॅप्टन शेजारून म्हणाले.

आवाज नेहमीसारखा शांत, ठाम. चारुतानं मान हलवली. पडद्याकडे तिनं पाहिलं नाही.

त्या आवाजावर तिचा विश्वास होता, त्याला कारण होतं. चारुता अकोल्याची, वकिलाची मुलगी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुंबईचे कॅप्टन तिच्या बोलण्यातला वऱ्हाडी हेल काढून दाखवायचे, आणि उतरताना चाक जरा आपटलं तरी दिवसभर टोमणे मारायचे. तिनं सोडून द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा गावंडे सरांनी तिला आपल्याबरोबर मागून घेतलं. नांदगावजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, एअर फोर्समध्ये मालवाहू विमानं चालवून इकडे आलेला माणूस. "इमान घाबरत नाही ना वं, मंग तू काहून घाबरतं?" असं म्हणून त्यांनी तिला पुन्हा पुन्हा उतरवायला लावलं होतं. आवाज कधी चढवला नाही. आज ती जी काही वैमानिक होती, ती त्यांच्यामुळे होती.

विमान धावपट्टी सोडून वर आलं. चाकं पोटात गेली. कॅप्टननी ऑटोपायलट लावला आणि मागे टेकले. खाली कपाशीची वावरं सकाळच्या धुरकट उन्हात पांढुरकी दिसत होती. विमान हळूच कलंडलं आणि वळू लागलं.

डावीकडे.

पहिल्या क्षणी चारुताला वाटलं, आपलाच काही गोंधळ होतोय. तिनं पुढच्या पडद्यावर पाहिलं. रेघ डावीकडे वळली होती आणि विमान इमानेइतबारे त्या रेघेवरून चाललं होतं.

"सर, आपण डावीकडे वळतोय."

"हाव, बरोबर आहे," कॅप्टन म्हणाले.

"सर, उजवीकडे जायचंय."

"उजवीकडेच चाललो ना आपण." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर चिडचिड नव्हती, घाई नव्हती. समजूत घातल्यासारखं ते हसले. "आता पाह्य, खाली नांदगाव येईन. श्याम ट्रॅक्टरवर असन या टायमाला."

श्याम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो शेती बघायचा. पण त्यांच्या खिडकीखाली बडनेऱ्याचे रूळ पसरले होते, रेल्वेचे रंगीत डबे उभे होते, आणि पलीकडे सबंध अमरावती शहर चमकत होतं. कॅप्टन त्या शहराकडे पाहत होते आणि त्यांना नांदगाव दिसत होतं.

तेवढ्यात चारुताच्या कानात धम्मदीप ओरडला, "तुम्ही उत्तरेला कुठे चालला? समोर ट्रेनर विमान आहे, समोर!" आणि दुसऱ्या विमानाचा इशारा देणारं यंत्रही बोलू लागलं.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली, आणि हँडल धरून ऑटोपायलट काढून टाकला.

जेवताना कुणी पुढ्यातलं ताट ओढून घेतल्यावर बघावं, तसे कॅप्टन तिच्याकडे बघत राहिले. पण त्यांनी हात काढून घेतले. चारुतानं विमान उजवीकडे जोरात कलवलं. मागे केबिनमध्ये कुणीतरी किंचाळलं, भांडी आदळली. डाव्या काचेत एक पांढरं छोटं विमान आलं, इतकं जवळ की आत बसलेल्या मुलीच्या डोक्यावरचा हेडफोन दिसला. ती दुसरीकडेच बघत होती. मग ते मागे पडलं.

विमान दक्षिणेला आलं, योग्य उंचीवर गेलं. कॅप्टननी घसा खाकरला आणि माइक घेऊन प्रवाशांना सांगितलं, की हवा जरा खराब होती, आता काळजीचं कारण नाही. आवाज नेहमीसारखा. नंतर त्यांनी कंट्रोल परत मागून घेतला आणि मुंबईत विमान असं उतरवलं, की मागे झोपलेलं पोर जागं झालं नसतं.

त्या दिवशी ते विमान मुंबईहून पुढे आणखी दोन शहरांना जाऊन आलं. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र जुनं पुसून त्यावर नवं टिपत राहतं. धम्मदीपची तक्रार कंपनीत पोचली तोवर सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं. कॉम्प्युटर तपासला, त्यात खोट निघाली नाही. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं होतं. कॅप्टननी चौकशीत सरळ सांगितलं, "माह्याच हातून डावा मार्ग निवडला गेला असन. चूक माही आहे. चारुतानं इमान वाचवलं." एवढा मोठा माणूस आडपडदा न ठेवता चूक कबूल करतो, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. त्यांना आणि चारुताला दोघांनाही परत सरावाच्या नकली विमानात बसवलं. तिथे कॅप्टननी एका इंजिनावर, दाट ढगात, असं काही विमान उतरवून दाखवलं, की परीक्षक उठून उभा राहिला.

चारुतानंही आपला जबाब दिला. मार्ग ताडून पाहिला नाही हे सांगितलं, विमान डावीकडे वळलं हे सांगितलं, कंट्रोल घेतला हेही सांगितलं. "उजवीकडेच चाललो ना आपण" हे वाक्य तेवढं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिला वाटलं, गडबडीत माणूस काहीही बोलतो. एवढ्याशा वाक्यावरून त्यांची सगळी नोकरी कशाला पणाला लावायची? आणि कुणी विचारलंही नाही.

पण ते वाक्य तिला सोडेना. चूक झाली असती आणि ते दचकले असते, ओरडले असते, तर ती समजू शकली असती. ते हसले होते. आपल्या गावाचा रस्ता माहीत असलेल्या माणसासारखे हसले होते.

पुढे एकदा त्यांच्याबरोबर तिचं उड्डाण आलं. ती सबंध वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होती. काहीच चुकलं नाही. उतरल्यावर ते म्हणाले, "माह्यावर नजर ठेवून होती ना? ठेव. चांगलं असते ते." तिला स्वतःचीच लाज वाटली.

डिसेंबरात ती सुटीवर अकोल्याला आली. दोन दिवस आईच्या हातचं खाऊन झालं, आणि तिसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता तिनं अमरावतीची गाडी धरली. आपण तिथे काय विचारणार आहोत, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दार सीमाकाकूंनी उघडलं. कॅप्टनांची बायको, चारुता पूर्वी दोनदा त्यांच्याकडे जेवून गेली होती. "अवं, तू कशी काय? ये, बस. हे सांभारवड्या आणाले गेले. येतीन आता."

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. चारुतानं येताना पाहिलं होतं. चहा झाला, आणखी वेळ गेला, सर आले नाहीत. काकू बोलता बोलता सारख्या उठून फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा चारुतानं विचारलं, "काकू, सरांना बरं आहे ना?"

"काहून? कोणी काही बोललं का?" इतक्या पटकन त्या म्हणाल्या, की चारुताला उत्तर मिळाल्यासारखंच झालं.

काकू समोर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली मान घालून म्हणाल्या, "डाव्या-उजव्याचं होते कधी कधी. चप्पल उलटी घालतेत. वयानं होते वं तसं. आता थोडे दिवस राह्यले रिटायर व्हाले. डॉक्टरकडे नेलं अन् कागदावर काही आलं, तं मंग इमानातून उतरवतीन त्यायले. जगणार नाहीत ते." मग एकदम वर पाहून, "इमानात कॉम्प्युटर असते ना सगळं? अन् तुम्ही पोरं असता बाजूले?"

चारुता काही बोलायच्या आत फाटक वाजलं. सर आले. हातात सांभारवड्यांचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचं, पुडकं, कपाळावर घाम. "चारुता! अकोल्याचा पाहुणा! मले सांगतलं असतं तं घ्याले आलो असतो." इतका वेळ कुठे होता, हे काकूंनी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत.

जेवणं झाली. सर रंगात आले होते. एअर फोर्समधल्या गोष्टी सांगितल्या, चारुताच्या वडिलांची चौकशी केली. निघायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "बडनेऱ्याले सोडतो तुले. रेल्वेनं जा, आरामात जाशीन." काकूंनी चारुताकडे पाहिलं. ती नजर तिला कळली, पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही. ती गाडीत बसली.

गाडी ते छान चालवत होते. सिग्नलला थांबत होते, म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडू देत होते. शहर मागे पडलं. बडनेऱ्याच्या रस्त्यानं चारुता शेकडो वेळा गेली होती. त्या वाटेवर घरं, दुकानं, कारखाने सुटत नाहीत. इथे मात्र दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली, संत्र्याच्या बागा लागल्या. समोर दूरवर मेळघाटचे डोंगर निळे दिसत होते. तो परतवाड्याचा रस्ता होता, बडनेऱ्याच्या उलट दिशेचा.

"सर," ती हळूच म्हणाली, "बडनेरा मागे राहिलं."

"बडनेऱ्यालेच तं चाललो."

"सर, समोर डोंगर आहेत."

"हाव ना," ते म्हणाले, आणि तसेच हसले. "गाडीले वेळ आहे वं. घाबरू नको."

विमानात तिच्या पुढ्यात हँडल होतं. इथे काहीच नव्हतं. समोरून उसाचे, संत्र्याचे ट्रक येत होते आणि प्रत्येक ट्रक जवळ आला की तिचे पाय आपोआप पुढे दाबले जात. सर वलगावच्या एका मित्राची गोष्ट सांगत होते. वलगाव मागे जाऊन बराच वेळ झाला होता. त्यांचा आवाज इतका निश्चिंत होता, की क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकतोय, बडनेरा पुढेच असेल.

"सर, मला मळमळतंय. गाडी थांबवा."

त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली. थोडं पुढे रस्त्यावर हिरवी पाटी होती: परतवाडा, त्याखाली चिखलदरा, आणि दोन्हीकडे नेणारा सरळ वरचा बाण. चारुतानं बोट दाखवलं.

सरांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मागे वळून आलेला रस्ता पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि त्याच्या आतून माणूस निघून गेल्यासारखं झालं. हात स्टिअरिंगवर होते ते त्यांनी मांडीवर ठेवले.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी... इमानात... असंच झालं होतं का?"

"हो, सर."

"म्या काय म्हटलं होतं?"

तिनं सांगितलं. श्यामच्या ट्रॅक्टरचंही सांगितलं. ते ऐकत होते, डोंगराकडे बघत.

"मले आठवत नाही," ते म्हणाले. "तू कंट्रोल घेतला तठून आठवते. त्याच्या आधीचं काहीच नाही. लोकं म्हणे डावं निवडलं, म्हटलं असन बापा." मग तिच्याकडे वळून, "कोणाले सांगतलं?"

"नाही."

"मी सांगतो. सोमवारी ड्यूटीवर गेलो की पहिले ऑफिसात जाऊन सांगतो. मले माह्या तोंडानं सांगू दे, चारुता. एवढं कर."

तिनं शब्द दिला. किल्ली त्यांनी स्वतःहून तिच्या हातात दिली. परतीच्या रस्त्यावर ते शेजारच्या सीटवर लहान मुलासारखे गुडघे जुळवून बसले होते.

सोमवारी चारुता मुंबईला विमानतळावर पोचली, तेव्हा तिच्यापेक्षा नवीन असलेला विपुल नावाचा को-पायलट टोपी सारखी करत धावत येत होता. "आज गावंडे सरांबरोबर पहिलंच उड्डाण आहे माझं! अमरावती!"

"सर ऑफिसात जाऊन आले?"

"नाही बुवा. सरळ विमानाकडेच निघालेत."

ते काचेच्या दाराशी उभे होते. इस्त्रीचा गणवेश, खांद्यावर पट्टे, चकचकीत बूट. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"सर, तुम्ही आज सांगणार होता."

"काय सांगणार होतो?"

"परतवाड्याच्या रस्त्यावर आपण बोललो ते."

"परतवाडा?" ते गोंधळले. मग आठवायचा प्रयत्न करू लागले. कपाळाला आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले. ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "तू घरी आली होती का? सीमा काही बोलली नाही मले. असं कर, पुढच्या खेपेस ये, सांभारवड्या खाऊ." तिच्या खांद्यावर थोपटून ते बसमध्ये चढले. त्यांच्यामागे विपुल चढला, त्यांची बॅग हौसेनं स्वतःच्या हातात घेऊन.

बाहेर प्रवासी विमानात बसायला लागले होते. एक बाई कडेवरच्या पोराला विमान दाखवत होती.

चारुता मुख्य वैमानिकांच्या खोलीकडे धावली. ते फोनवर होते. तिनं फोन त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला. "अमरावतीचं विमान थांबवा. आधी थांबवा, मग सांगते."

विमान थांबलं. प्रवाशांना काहीतरी तांत्रिक कारण सांगितलं. ती बोलत असताना मुख्य वैमानिक तिच्याकडे बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हे तू ऑक्टोबरात का सांगितलं नाहीस?" तिलाही त्यांनी काही महिने उड्डाणापासून बाजूला ठेवलं, आणि तिनं हरकत घेतली नाही.

खिडकीतून तिला शिडीवरून उतरणारे कॅप्टन गावंडे दिसले. दोन्ही बाजूंना दोन अधिकारी होते. खाली आल्यावर सर डावीकडे चालू लागले. एकानं हलकेच कोपर धरून त्यांना वळवलं.

तपासण्या झाल्या. मेंदूचा आजार निघाला, नुकताच सुरू झालेला पण थांबवता न येणारा. कितीतरी वेळा त्यांचं हृदय, डोळे, कान तपासले गेले होते. सगळं ठणठणीत होतं. चारुता जानेवारीत त्यांना भेटायला अमरावतीला गेली. सीमाकाकू फाटकाशीच आल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

"तुह्यं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "सत्तर माणसं बसतेत त्यात, मले समजते. पण तू आता येत नको जाऊ. तू दिसली की मले ते दार दिसते, ज्यातून ह्यायले उतरवलं."

चारुता मान खाली घालून परत फिरली.

मे महिन्यात, तिचं उड्डाण पुन्हा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी काकूंचा फोन आला. आवाज थकलेला होता. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही.

"हे रोज गणवेश घालून फाटकाशी उभे राहतेत. गाडी काहून नाही आली म्हणतेत. ऊन डोक्यावर येते तरी अंदर येत नाहीत. माह्यं आयकत नाहीत, श्यामचं आयकत नाहीत. कंपनीतून कोणी सांगतलं तं आयकतीन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सांगशीन का वं?"

"द्या त्यांना."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग तो ओळखीचा, शांत, ठाम आवाज. "कॅप्टन गावंडे."

"सर, कंपनीतून बोलतेय. आजचं उड्डाण रद्द झालंय."

"काहून?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर मुंबईचं आकाश लख्ख होतं. अमरावतीत तर डांबर वितळत असेल.

"धुकं आहे, सर."

ते थांबले. बहुतेक त्यांनी वर पाहिलं असावं.

"हाव," ते म्हणाले. "दिसून राहिलं इथूनही. बरं केलं, थांबवलं ते."

आता ड्यूटीवर निघण्याआधी चारुता रोज अमरावतीला फोन लावते.